दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं

आमच्या व्हिडिओ गेमला दोन रिमोट होते आणि स्टार्टचं बटण फक्त पहिल्यावर होतं. दुसऱ्या रिमोटवाल्याने वाट बघत बसायचं. पप्पा कायम दुसरा रिमोट घ्यायचे. "मुकादम तू, हेल्पर मी," म्हणायचे. मोहने गावातल्या रेयॉनच्या, म्हणजे नकली रेशमाच्या, कारखान्यात त्यांची वीसेक वर्षं गेलेली, त्यामुळे घरातसुद्धा कोण मुकादम आणि कोण हेल्पर हे ते आधी ठरवून टाकत.

कारखाना बंद पडला त्याच वर्षी हा गेम आमच्याकडे आला. शेजारचं कुटुंब खोली रिकामी करून गावी निघालं, तेव्हा टेम्पोत न मावलेल्या वस्तू त्यांनी चाळीत वाटून टाकल्या. कुणाला फळी मिळाली, कुणाला तुळशीची कुंडी, आम्हाला व्हिडिओ गेम. कॅसेट एकच, तिच्यावरचं लेबल उडालेलं. जंगलातून दोन माणसं धावतात, एक लाल टोपीवाला आणि एक हिरव्या टोपीवाला, एवढीच त्याची गोष्ट. लाल मी, हिरवे पप्पा. शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून मी कॅसेटवर फुंकर मारायचे, तोवर पप्पा जमिनीवर मांडी घालून तयार असत. वडील दिवसभर घरी असतात याचा मला तेव्हा निव्वळ आनंद झालेला. आता त्या आनंदाची लाज वाटते, पण झालेला हे खरं आहे.

पप्पांना जाऊन चार वर्षं झाली. आई डोंबिवलीत एकटी राहते, मी ठाण्यात खोपटला. दर रविवारी येते असं मी तिला सांगते आणि दोन रविवारांतून एकदा जाते. तो गेम कधीच भंगारात गेलेला, त्याची मला आठवणही नव्हती. मग या उन्हाळ्यात अचानक त्या हिरव्या टोपीवाल्याने माझा पिच्छा पुरवला. पप्पांचा फोटो भिंतीवर आहे, चष्मा कपाटात आहे, पण रोज संध्याकाळी पप्पा ज्याला हलवायचे तो माणूस कुठेच नव्हता. मला तो एकदा बघायचा होता. त्यापलीकडे काही नको होतं.

आपण जुनं गेमचं मशीन आहोत अशी बतावणी फोनला करायला लावणारं एक ॲप असतं, त्याला इम्युलेटर म्हणतात. ते फोनमध्ये घेतलं. गेमचं नाव माहीत नव्हतं, म्हणून अशा गोष्टींत रमणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपवर लिहिलं: लाल टोपी, हिरवी टोपी, नदीत तरंगणारे ओंडके. आठवड्याने कुणीतरी नाव कळवलं. दोन ब्लूटूथ रिमोट मागवले आणि फोन टीव्हीला जोडायची वायर ठाणे स्टेशनबाहेरच्या एका गाळ्यातून घेतली. "सगळ्या फोनला चालत नाही हां ताई," असं दुकानदाराने आधीच सांगून हात झटकले.

रविवारी आईकडे गेले. ती वाल सोलत बसलेली, मी टीव्हीसमोर पसरले. आधी म्हटलं वायर कशाला, फोनवरचं चित्र वायफायनेच टीव्हीवर पाठवू. तर मी उडी दाबायचे आणि लाल टोपीवाला नदीत पडून झाल्यावर उडी मारायचा. वायर लावली, ती चालली. गेमचं गाणं सुरू झालं आणि काहीतरी खटकलं. सूर तेच होते, तरी आमचं गाणं वाटेना.

"ह्याला घाई झालीय," आई वाल सोलता सोलता म्हणाली. "आपलं संथ होतं."

तिचं बरोबर होतं. हा गेम जिथे बनला तिथले टीव्ही सेकंदाला जास्त चित्रं दाखवायचे, आपले जुने टीव्ही कमी, त्यामुळे आपल्याकडे सगळा गेमच जरा सावकाश चालायचा. आमचं बालपण कमी वेगाने चाललेलं हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. सेटिंगमध्ये जाऊन वेग उतरवला आणि पहिल्या दोन सुरांतच मोहन्याच्या चाळीतली खोली समोर आली. आईचं माप इतकं अचूक कसं, हे मात्र मी विचारलं नाही. स्वयंपाक करताना ऐकलं असेल, असं धरून चालले.

खरी कटकट पुढे होती. दोन खेळाडू निवडले तरी दोन्ही रिमोट लाल टोपीवाल्यालाच हलवत होते आणि हिरवा दगडासारखा उभा. रिमोट बंद करून लावले, फोन बंद करून लावला, ॲप काढून पुन्हा टाकलं. तासभर गेला. मी फोनला दोन शिव्या घातल्या, आई म्हणाली, "तोंड सांभाळ." शेवटी एका आतल्या पानावर सापडलं की फोन दोन्ही रिमोटना एक नंबर समजतोय. दुसऱ्याला दोन नंबर दिला, बटण दाबलं आणि हिरव्या टोपीवाल्याने टुणकन उडी मारली. मला रडू आलं. आईला दिसू नये म्हणून टीव्हीच्या मागे जाऊन वायर तपासल्याचं नाटक केलं.

मग माझा रिमोट घेऊन खेळायला बसले आणि दहा पावलांवर अडकले. या गेमचा नियमच आहे, एक जण मागे राहिला तर चित्र पुढे सरकत नाही. पप्पा कधी दारावर कुणी आलं म्हणून उठायचे, त्याला कुठे काही काम मिळेल का विचारत उभे राहायचे, आणि मी आतून ओरडायचे, "पप्पा, चला ना, मला पुढे जाता येत नाहीये." आत्ताही हिरवा तिथे मागे उभा होता आणि मी टीव्हीच्या उजव्या कडेला धडका मारत होते. उपाय सोपा होता. त्याला मरू द्यायचं, तीन जीव संपले की तो जातो आणि वाट मोकळी होते. तेवढ्यात एक साप आला आणि त्याचा एक जीव गेला. दुसरा साप दिसला तशी मी गेम थांबवला. माझ्याने ते बघवेना.

"सरक," आई म्हणाली. पदराला हात पुसत ती शेजारी बसली आणि दुसरा रिमोट उचलला. "कर चालू."

मी चालू केलं. तिने साप ओलांडला, नदीपर्यंत आली आणि थांबली. "ह्या ओंडक्यावर लगेच नाही जायचं. तो एकदा परत येतो, मग जायचं." ओंडका परत आला, आई गेली. मी बघतच राहिले आणि पाण्यात पडले.

"तुला कसं माहीत?"

"तू शाळेत गेल्यावर आम्ही काय भिंतीकडे बघत बसायचो? कामाला कुणी बोलवत नव्हतं. माणूस दिवसभर गप्प. एक दिवस मीच म्हटलं, लावा तो गेम. तुला कळलं असतं तर तू हात लावू दिला नसतास."

नसताच दिला. "मग हिरवा कोण व्हायचं?"

"तेच, तुझे पप्पा. मी म्हणायचे, पहिला रिमोट तुम्ही घ्या. तर ते म्हणायचे, नको, तूच स्टार्ट दाब. कुणीतरी चल म्हटलं की मला बरं वाटतं."

आम्ही दोन लेव्हल खेळलो. वाल तसेच राहिले. निघायची वेळ झाली तेव्हा बूट घालता घालता मी म्हटलं, "तुझ्या फोनवरही टाकून देते. दुपारी वेळ जाईल तुझा."

"एकटीचा?" आई टीव्हीकडेच बघत होती. "ते गेल्यावर मी माळ्यावरून काढून लावलेला तो. दोन-तीन दुपारी लावला. हिरवा उभाच राहायचा, पुढे काही जाता यायचं नाही. मग मशीन जळलं, दिलं भंगारात."

"अगं, एकच खेळाडू निवडायचा ना सुरुवातीला."

"माहितेय मला निवडता येतो ते," आई म्हणाली.

मी बूट काढून ठेवले आणि पुन्हा तिच्याशेजारी बसले. तिने दुसरा रिमोट हातात धरून ठेवला होता. "चल," मी म्हटलं आणि स्टार्ट दाबलं.