गंगामायले तेल चढलं

परवा जेवता जेवता टीव्हीवर बातमी लागली. कुठल्याशा समुद्रात जहाजातून तेल सांडलं, किनारा काळा झाला आणि पर्यटक आल्या पावली परत गेले. शेवटी एक शहाळेवाला दाखवला... शहाळ्यांचा ढीग पुढ्यात घेऊन नुसता बसलेला.

माझा घास हातातच राहिला. हा माणूस मी पाहिलेला आहे हो! फक्त त्याच्यापुढे शहाळी नव्हती, डांगरं होती, म्हणजे आमच्याकडची टरबुजं... आणि तो माझा सासरा होता.

नातीनं फोनवर बोलून टाइप करायला शिकवलंय, तेव्हापासून मला कोणी आवरू शकत नाही. तेव्हा ऐकाच.

पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आताचं चंद्रपूर. मी नवी नवरी होते, वैनगंगेकाठी ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्या, नाव चालवणाऱ्यांच्या घरात आलेली. महाशिवरात्रीला नदीच्या वाळूत मोठी जत्रा भरायची. लोक बैलबंड्या सोडून तिथंच मुक्काम करायचे, आंघोळी, स्वयंपाक, पाळणे... आमचं बीचच म्हणा ना!

आमचं वर्ष त्या जत्रेवर चालायचं. डोंग्यातून माणसं पार करायची आणि वाळूत पिकवलेली पहिली डांगरं विकायची. त्या साली तर माझ्या नणंदेचं, सरूचं लग्न जत्रेनंतर ठरलेलं. एकदा पुढे ढकललेलं... नवरदेवाकडचे दुसऱ्यांदा थांबणार नव्हते.

आणि जत्रा तोंडावर असताना लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक नदी उतरताना वाळूत कलंडला. लाकूड कापायच्या आरामशिनीच्या काळ्या तेलाची पिंपं गडगडत पाण्यात गेली आणि फुटली. धारेतलं तेल वाहून गेलं, पण घाटाजवळच्या संथ पाण्यावर साय धरावी तसा काळा थर बसला. वाळू चिकट, वास असा की डोकं उठावं.

आमचे मामाजी, म्हणजे सासरे, मोजकं बोलणारे. दवंडी देणारा कोतवाल विचारायला आला, "भाऊ, लोकायले काय सांगू?"

"सांग, गंगामायले तेल चढलं हाये. कोनी आंघोळीले येऊ नोका."

स्वतःच्या तोंडानं स्वतःची जत्रा मोडली त्यांनी. आजारी पडेल कोणी, म्हणाले, आणि डांगरांपाशी जाऊन बसले. सरू चुलीपुढे बसून होती... धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. चूल विझलेली होती.

आता यातली मेख सांगते. आमच्याकडे 'तेल चढणं' म्हणजे लग्नाची हळद! नवरीला तेल-हळद लागली की तेल चढलं म्हणतात. कोतवालानं गावोगाव डफडं वाजवून पहिलं वाक्य म्हटलं, आणि बायका ऐकून घरात पळाल्याच. दुसरं वाक्य ऐकायला थांबतंय कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या वाटेनं गाणी ऐकू आली. बघतो तर बायकांची रांग... हातात हळदीची ताटं, पाट, सुपं, टोपल्या. गंगामायचं लगीन लागणार म्हणून आलेल्या! आधीच तेलानं माखलेली नदी, आणि या आणखी वाटीभर तेल घेऊन हजर. मला हसू आवरेना, आणि रडूही.

मामाजी हात जोडून म्हणाले, "बायांनो, वापस जा. इथी लगीन नाई, मयत झाली हाये."

गाणी थांबली. पुढे एक म्हातारी होती, सोनाबाई. तिनं पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग माझ्याजवळ उभ्या सरूकडे पाहत विचारलं, "जत्रेनंतर लगीन हाये मनतेत, ते हिचंच का?"

मी मान हलवली.

"मंग वापस काऊन जाऊ? तेल चढलं तं उतरवा लागते."

आणि लुगडं खोचून बाई शिरली पाण्यात.

एकेक करून सगळ्या शिरल्या. गावातून बंड्या भरून तणस, म्हणजे भाताचा पेंढा आला. तो संथ पाण्यावर पसरायचा, तेल प्यायला की ओढून काढायचा. चिकट वाळू सुपांनी खरडून टोपल्यांनी दूर खड्ड्यात... हळदीची गाणी चालूच. रोज येत राहिल्या, पुरुषही येऊ लागले. मामाजी डांगरं कापकापून सगळ्यांना खाऊ घालत होते. सोनाबाई म्हणाली, "भाऊ, जत्रेले ठेवा काई!"

पाणी निवळलं. पण आम्ही सांगून कोणाला पटणार? आमचं तर पोटच त्यावर... आम्ही चांगलंच म्हणणार. ते काम त्या बायकांनी केलं. घरोघरी सांगितलं, "आमी सोता तेल उतरवून राह्यलो होतो. चाला, पाहा."

जत्रा भरली. दरवर्षीएवढी नाही, पण भरली. डोंगा दिवसभर फिरत होता, आणि मामाजी सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरून, डोक्यावर पाणी घेऊन, वर येऊन दात काढून हसत होते.

सरूच्या हळदीला सोनाबाई आली ती तेच लुगडं नेसून, गुडघ्यापर्यंत काळं. धुऊन डाग गेला नव्हता. कोणी नाक मुरडलं तर म्हणाली, "गंगामायच्या लग्नातलं लुगडं हाये हे, हासू नोका." सरूला पहिलं तेल तिनंच लावलं.

त्या शहाळेवाल्याला मी ओळखत नाही. पण त्याच्या किनाऱ्याची साफसफाई होईल, आणि तरी लोक भीत भीत दूर राहतील, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तिकडे राहणाऱ्यांनो, एवढं करा... पाणी निवळलं की आधी तुम्ही जा, एक शहाळं प्या आणि घरी येऊन चार जणांना सांगा.

त्याच्याही घरी एखादी सरू असेल हो.