उतारावरचा निळा रेनकोट

मिल्टन कीन्सला आम्ही दोघं एका घरात राहायचो. मी पुण्याचा, तो नागपूरचा, ऑफिस एकच. त्याला मोटारींच्या शर्यतींचं वेड होतं. इंग्लंडची असाइनमेंट का घेतलीस, असं कुणी विचारलं की तो सरळ सांगायचा, "सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक घरापासून जवळ आहे बे, अजून काय पाहिजे?"

त्या जुलैत त्यानं माझंही तिकीट काढलं. मला शर्यतीतलं काही कळत नव्हतं, पण त्याला नाही म्हणणं जमायचं नाही. सकाळपासून पाऊस होता. गाडी चिखलात, एका शेतात लावली, गेटवर मिळणारे पातळ प्लास्टिकचे निळे रेनकोट घेतले आणि वळणासमोरच्या गवताच्या उतारावर जाऊन उभे राहिलो. आजूबाजूला सगळ्यांनी तेच घेतले होते.

शर्यत सुरू झाली, पण गाड्या दिसल्याच नाहीत. पाण्याची भिंत गर्जत आली, तिच्यात मागचे लाल दिवे तेवढे लुकलुकले, आणि ती गेली.

"मागच्याला समोरचं काहीच दिसत नसते," तो माझ्या कानाशी ओरडला. "नुसत्या त्या लाल दिव्याच्या भरवशावर चालवून राहिले!"

तो निथळत होता आणि हसत होता. एक गाडी गिरकी घेऊन आमच्यासमोरच गवतात गेली, तेव्हा त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

मग म्हणाला, "थांब, चहा आणतो. जागा सोडू नको."

बराच वेळ झाला तरी तो येईना. रांग असेल, असं वाटलं. फोन लागत नव्हता. एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठलं. त्याला जागा सापडत नसेल म्हणून मी हात वर करून हलवायला लागलो. मागं शेकडो निळे रेनकोट, टोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या. दोन-तीनदा वाटलं, आलाच. जवळ आला की चेहरा दुसऱ्याचाच निघायचा.

शर्यत संपल्यावर मी प्रथमोपचाराच्या तंबूत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, त्यानं काय घातलंय? मी म्हणालो, निळा रेनकोट. त्यांनी बाहेरून जाणाऱ्या गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुर्ची पुढे केली.

तो चहाच्या रांगेतच कोसळला होता. हार्ट अटॅक. शर्यत निम्मीही झाली नव्हती तेव्हा. माणसं लगेच धावली होती, करण्यासारखं सगळं केलं होतं. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर हे झालं, आणि त्या आवाजात मला काहीही ऐकू आलं नाही.

मी त्याच्या भावाला कळवलं. दोन दिवसांनी काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा फोन आला. आवाज शांत होता.

"मी पाहिलं रे त्याला," त्या म्हणाल्या. "टीव्हीवर. शेवटी शेवटी कॅमेरा लोकांवर फिरला ना, तेव्हा. निळा रेनकोट घालून उभा होता. हात हलवून राहिला होता माझ्याकडे."

शेवटी शेवटी तो उतारावर नव्हता. हात मी हलवत होतो.

"हो काकू," मी म्हणालो.

हिवाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा नागपूरला गेलो. काकूंनी जेवायला वाढलं आणि समोर बसून विचारलं, "तो एकटाच काऊन उभा होता बाबू? तू कुठं होता?"

"चहा आणायला गेलो होतो, काकू."

"तेच म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "तू त्याला एकटं सोडणार नाहीस." आणि आणखी एक पोळी वाढली.

मिल्टन कीन्सला परतल्यावर ऑफिसातल्या एकानं त्या शर्यतीचं रेकॉर्डिंग सीडीवर आणून दिलं. त्याला वाटलं, मला आवडेल. बरेच दिवस ती माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. एकदा लॅपटॉपपर्यंत नेली आणि न पाहताच त्याला परत केली. उतारावर मी दिसलो असतो तर प्रश्न नव्हता. पण तिथं हात हलवणारा माणूस मी नसलोच तर काय, ही भीती मला वाटत होती. अजूनही वाटते.