मालकांच्या चेहऱ्यावरच्या फटी

ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पत्र्याची झालर लावली की वारा खाली घुसत नाही आणि डिझेल वाचतं. हा शोध आमच्या कारखान्यातल्या वेल्डरचा नव्हे. त्याला कळलं ते एवढंच, की रिकाम्या ट्रेलरवर आडवा वारा आला की तीच झालर शिडाचं काम करते. म्हणून त्याने झालरीत उभ्या फटी पाडल्या. बायकोने त्याच्यासाठी विणायला घेतलेला अर्धवट स्वेटर उसवून लोकरीचे तुकडे पत्र्यावर चिकटवले, ट्रेलर चालवायला ड्रायव्हर असलेल्या जावयाला बसवलं, आणि मेव्हण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून कुठला धागा कसा फडफडतो ते दोन महिने पाहिलं. नवऱ्यापेक्षा ट्रेलरलाच थंडी जास्त वाजते, हे बायकोने मुकाट्याने मान्य केलं.

मालकांना फटी दरिद्री वाटल्या. पाहुण्यांना ट्रेलर दाखवायच्या दिवशी त्यांनी झालरीवर फ्लेक्स ताणून रिबिटा मारून घेतल्या. एकेका बाजूला मालकांचे चार हसरे चेहरे, खाली ‘वाऱ्याशी मैत्री’.

वेल्डरने गंजक्या टाकीतून कुजलेला उंदीर हाताने काढलेला आहे. तेव्हाही त्याचं तोंड इतकं वाकडं झालं नव्हतं.

“साहेब, फटी बुजल्या.”

“बुजल्या कुठे? झाकल्यात. फ्लेक्स पातळ असतो रे.”

“दुपारी रिकामी गाडी खाडीच्या पुलावरून जायचीय. जावई आहे माझा गाडीवर.”

“तू वेल्डर आहेस की वाऱ्याचा वकील?”

पाहुणे हसले. फटींचं गणित स्वतः तपासून सही केलेला इंजिनिअर सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याला पाहून उंदीर बरा वाटला.

वेल्डरने खिशातून पातं काढलं. पहिली फट मालकांच्या कानातून गेली, दुसरी नाकातून, तिसरी दातांतून. चौथ्या चेहऱ्याला मालकांना वाचा फुटली. “उद्यापासून येऊ नकोस!”

“बरं,” वेल्डर म्हणाला. “ती बाजू राहिलीय अजून.” आणि पलीकडे गेला.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. “बाबा, पोचलो. वारा भलताच होता, पण स्टिअरिंग हललं नाही. तुमचे मालक तेवढे फार फडफडत होते.”

वेल्डर हसला नाही. “डिझेल किती लागलं ते सांग,” म्हणाला.