दादांचं पाचवं शील

वाईनरीत कामाला गेलो म्हणून माझा बाप माझ्याशी दोन महिने बोलला नाही.

बाप म्हणजे आमचे दादा. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

तलवाड्यात दादांना न ओळखणारा माणूस सापडणार नाही. झेडपीच्या शाळेत शिपाई. रविवारी विहारात पंचशील तेच द्यायचे आणि अख्खी वस्ती त्यांच्या मागून म्हणायची.

आमचे आजोबा दारूपायी गेले. म्हणून पाचवं शील, दारू न पिण्याचं, दादा जरा जास्तच जोरात म्हणायचे. लहान लेकरं दचकायची.

आणि त्यांचा पोरगा फूड टेक्नॉलॉजी शिकून न्यूझीलंडला गेला. एका छोट्या वाईनरीत, द्राक्षाच्या एका हंगामापुरता.

दादांना सांगितलं, "द्राक्षाच्या बागेत काम हाय."

बागेत मी जेमतेम चार दिवस होतो. बाकी सगळं काम आत, टाक्यांपाशी. फावड्यानं द्राक्षांची सालं उपसायची, टाक्या धुवायच्या, दिवसभर गमबूट घालून पाण्यात उभं राहायचं.

मालकीण सत्तरीची. रोज सकाळी ती आम्हाला प्रत्येक टाकीतली वाईन चाखायला लावायची. तोंडात घोळवायची, चव सांगायची आणि थुंकून टाकायची. कामाची पद्धतच तशी.

पहिल्याच दिवशी मी गिळली.

हात तर पार काळे-जांभळे झालते. साबणानंही डाग निघेनात. एकदा व्हिडिओ कॉलवर दादांना दिसले.

"हात कावून काळे पडलेत?"

"द्राक्षं खुडून, दादा."

दादा तरुणपणी दोन हंगाम बार्शीकडं द्राक्षाच्या बागेत मजुरीला गेलते. हे मी साफ विसरलो होतो.

"खुडून हात असे व्हत न्हाईत. खरं सांग."

सांगितलं.

ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाचव्याचं तुझं तू बघ. पण चौथं तू माझ्यापाशी मोडलंस."

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं.

त्यानंतर फोन आईच घ्यायची. "जेवायलेत." "झोपलेत." आणि मागून त्यांचं खोकणं ऐकू यायचं. लई वाईट वाटायचं राव.

हंगाम संपला, परत आलो. पहिल्याच रविवारी विहारात मागच्या रांगेत बसलो. चार शीलं सगळ्यांबरोबर म्हणालो. पाचव्याला तोंड उघडेना.

घरी जाताना वाटेत दादा दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलले.

"पाचवं म्हणला न्हाईस."

"कामात चाखावी लागती, दादा. आन पुढं बी हेच काम करायचंय मला. म्हणलो असतो तर चौथं परत मोडलं असतं." मग तेही सांगून टाकलं, "एकदा गिळली बी हाय."

"कावून?"

"मालकीण तुमच्यापेक्षा मोठी. मोठ्या माणसासमोर थुंकायचं कसं?"

दादा थांबले. आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "म्हंजी मीच शिकवलं म्हणायचं."

मग टॉवेलानं डोळे पुसत म्हणाले, "चार तर चार. पण मोठ्यानं म्हणत जा. आन येत जा विहारात."

पुढं नाशिककडं एका वाईनरीतच नोकरी लागली. दादांना ती कधीच आवडली नाही, आणि आवडल्याचं सोंगही त्यांनी केलं नाही. पण गावाकडं गेलो की रविवारी मी त्यांच्या मागं चार म्हणायचो आणि पाचव्याला गप्प राहायचो. लोक वळून बघायचे. दादा सरळ पुढं बघत म्हणत राहायचे.

गेल्या वर्षी ते गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वडीलधारी मंडळी म्हणाली, "बापाच्या जागी आता तू दे पंचशील."

उभा राहिलो. सांगितलं, "मी वाईनरीत काम करतो. चारच देऊ शकतो. पाचवं मला देता यायचं नाही."

मी चार दिली. सगळ्यांनी मागून म्हटली.

मग बायकांच्या बाजूला आई उभी राहिली.

जन्मात कधी चार लोकांसमोर बोलली नव्हती ती. तरी पाचवं शील तिनं दिलं, आणि सगळी वस्ती तिच्या मागून म्हणाली.

दादा, आज संध्याकाळी परत जमतोय. चार मी देईन. पाचवं आई देईल.

तुम्हाला मनापासून अभिवादन.