थांब, तोफा चालू शेतस

अख्ख्या खानदेशात रानडुकरांवर रीतसर लष्करी हल्ला चढवणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे त्यांना फुवा म्हणतात. पहिल्या महायुद्धात फुवा फ्रान्सच्या खंदकांत राहून आले, आणि यावलच्या केळीच्या बागेत त्यांनी ती लढाई पुढं पंचवीस वर्षं चालू ठेवली. तिथं म्हणे तोफगोळ्यांची एक भिंत पुढं पुढं सरकायची आणि तिच्यामागून पन्नास पावलांवर पायदळ चालायचं. लवकर निघालात तर आपल्याच गोळ्यानं मराल, उशीर केलात तर शत्रू खंदकातून डोकं वर काढील. हे सगळं त्यांनी सालदारांना समजावलं, तोफा म्हणून डफवाले पुढं काढले आणि झुंजुमुंजू होताच डुकरं दडलेल्या ज्वारीवर चाल केली. डफवाले रंगात येऊन नाचू लागले, सालदार पावलं मोजायचं विसरले आणि डुकरं बगलेनं निघून थेट फुवांच्याच केळीत शिरली. फुवांना राग आला तो सालदारांचा. डुकरांच्या शिस्तीचं मात्र त्यांनी आठ दिवस कौतुक केलं.

लग्नात तर त्यांच्या शेजारी उभं राहायची सोय नव्हती. मंगलाष्टकातलं ‘सावधान’ यायच्या आत कुणी अक्षता टाकल्या की ‘कच्ची पलटण!’ म्हणून मांडवात गरजायचे. माझं मनगट त्यांच्या मुठीत, डोळे घड्याळावर. “थांब, भो. आजून तोफा चालू शेतस.” रस्ता ओलांडताना तेच ‘तोफा चालू आहेत’, पंगतीत बसताना तेच. मनगटाला वळ उठायचे हो!

दुसरं महायुद्ध लागलं आणि मला फौजेत जायचं वेड लागलं. आईनं अन्न सोडलं. फुवा म्हणाले, मी नेतो त्याला. मला आभाळ ठेंगणं झालं. जळगावात भरतीच्या रांगेत माझा नंबर आला, तसं त्यांनी मनगट धरलं. मागच्यांना पुढं जाऊ दिलं. मी ओढलं, चिडलो, चारचौघांत रडकुंडीला आलो. म्हातारा घड्याळावरून नजर काढीना. अखेर कारकुनानं टेबल आवरलं. परतीच्या मोटारीत तापीचा पूल आला तेव्हा ते एवढंच बोलले, “मन्हा जोडीदार पाच पावलं लवकर निंघना. त्यानं मनगट मन्हा हातमा व्हतं. मी सोडी दिन्हं.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो नाही. पण वर्षभर त्यांच्याशी धड बोललोही नाही, याची आज लाज वाटते.

लढाई संपली त्या साली फुवा आजारी पडले. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो, नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं होतं. डोळे न उघडता म्हणाले, “आता सोड, भो. तोफा थांबन्यात.”

मी तसाच धरून बसलो. आत्यानं येऊन माझी बोटं सोडवली.