पोलिसांची बाई

बंगल्यात चोरी झाली की आधी राखणदाराला उचलतात. तो सुटल्यावर त्याचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. तेवढंच विचारायला, एका संस्थेच्या अभ्यासासाठी, मी लोणावळ्यात खोली घेऊन राहिले होते.

पहिल्याच आठवड्यात पोलिस ठाण्याच्या साहेबांनी चहा पाजला. माणूस चांगला होता. म्हणाले, "मॅडम, एकट्या कुठं फिरणार? आमची गाडी घ्या, शिपाई देतो बरोबर. लोक पटापट बोलतील."

"बोलतील, पण शिपायाकडं बघून बोलतील," मी म्हणाले. ते हसले. मी कामशेतहून गावोगाव वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपनं जायला लागले.

वडिवळ्यात एक आबा होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एकच बंगला राखला. तिथली चांदीची भांडी गेली, आबांना आत घातलं, काही सिद्ध झालं नाही म्हणून सोडलं. मालकानं परत कामावर घेतलं नाही. आता ते भावाबरोबर भातशेती करत होते. मी गेले की आधी नुसतं पाणी मिळायचं. त्यांची बायको दारातून विचारायची, "तुमी पोलिसांच्या न्हाई ना?"

"नाही, मावशी."

मग एकदा आबा आपणहून येऊन बसले. "मारलं त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पर मी सुटून आलो त्या दिवशी भावानं कपाटाला कुलूप घातलं. आदी न्हवतं." मग भांडी कुणी नेली असतील, त्याचाही अंदाज त्यांनी सांगितला.

कुणीतरी काहीतरी सांगितलंय, एवढं साहेबांच्या कानावर गेलं. आमच्या संस्थेच्या प्रमुखांचा फोन आला. "पुढची परवानगी साहेबांच्याच हातात आहे. माणसाचं नाव कळवा, आणि अहवाल छापण्याआधी त्यांना दाखवा."

साहेबांना फोनवर नाही म्हणणं बरं वाटेना, म्हणून मी ठाण्यात गेले. दोन्ही गोष्टी होणार नाहीत, असं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "मी काय तुमचा दुश्मन आहे?"

"नाही साहेब. पण तुमच्याबद्दलही लिहायचंय मला."

त्या दिवशी चहा आला नाही. ठाण्यातून बाहेर पडताना वडिवळ्याच्या दूधवाल्यानं मला पाहिलं.

पुढच्या खेपेला आबांचं दार लावलेलं. "आबा न्हाईत घरात," मावशी आतून म्हणाल्या. आबांच्या चपला उंबऱ्याशी होत्या. मी परत फिरले. संस्थेनं कार्यालयात माझ्या नोंदी लावणाऱ्या जोडीदारणीला दुसऱ्या कामावर नेलं आणि माझं काम थांबवलं. मी ते एकटीनंच पुढं रेटलं. रविवारी खोलीखालच्या रस्त्यावर चिक्की घेणाऱ्यांची झुंबड उडायची, आणि माझं अख्ख्या दिवसात बोलणं व्हायचं ते फक्त वाण्याशी.

भात कापून झाल्यावर मी पुन्हा गेले. दार बंदच. ओट्यावर बसून राहिले. शेवटी मावशी बाहेर आल्या.

"पोलिस आलं न्हाईत अजून," त्या म्हणाल्या.

"कशाला येतील?"

"आमी वाट बगत हुतो. तुमी सांगितलं आसंल, आता येत्याल, मग येत्याल." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "न्हाई सांगितलं तुमी."

"आबा बोलतील का?"

"न्हाई. त्यांचं मनच उडालंय. लिवा तुमी, पर नाव नगं."

फाट्यावर जीप नव्हती. मावशींचं बोलणं कुणाला तरी सांगावंसं फार वाटत होतं. फोन काढला, नावं वरखाली केली आणि परत पिशवीत ठेवला.