चाचांचा कान

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो यवतमाळचे आमचे शेजारी, रेडिओ दुरुस्त करणारे चाचा यांचा. मला कॉलेजात घाला, असं वडिलांना घरी येऊन सांगणारे तेच. चालू यंत्रात ते शॉक छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात खिशात ठेवून काम करत आणि पेन्सिलीनं काचेचा एकेक व्हॉल्व ठोकून दोष कानानं ओळखत.

मी बी.एस्सी. होऊन आलो, तेव्हा कव्वालीतला बेंजोवाला त्यांच्या ओट्यावर त्यांनीच दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर घेऊन बसला होता.

"चाचा, हे तं अजून घुमून राह्यलं."

"तुयाच कानात भुंगा गेला असंन! आमच्या बीएस्सीले इचार."

चाचा माझ्याकडे कौतुकानं पाहू लागले. ॲम्प्लिफायरची घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती. त्यांना येत नव्हती. मी म्हणालो, "बंद झाली."

भर कव्वालीत ॲम्प्लिफायर घुमला आणि लोकांनी हुर्यो उडवली. मग चाचांकडे कोणी फिरकेना. आपला हात गेला, असं समजून त्यांनी अवजारं बांधून ठेवली.

नागपूरला नोकरी लागल्यावर मी त्यांना लिहिलं:

"चाचा, तुमचा हात शाबूत आहे. तुम्हाला ऐकू कमी येतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, तरी मी खोटं बोललो. अवजारं पुन्हा बाहेर काढा. ऐकायला एखादा खरं बोलणारा माणूस जवळ बसवा. मला बसवू नका."